'अपरोक्ष' म्हणजे समोर की पाठीमागे?

काना_मात्रा

गेली २२ वर्षं मी पुस्तकांची प्रुफं वाचते आहे. आधी पुण्यातल्या एका छापखान्यात, आता घरून. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, जोडाक्षरं यांच्या चुका दिसल्या की हात आपोआप चालतो. एका शब्दापाशी मात्र अजूनही दर वेळी थांबते. तो शब्द 'अपरोक्ष'.

मागच्या महिन्यात एका कौटुंबिक कादंबरीचं दुसरं प्रूफ हातात होतं. पान ४१ वर वाक्य आलं : 'नवऱ्याच्या अपरोक्ष तिने पाटल्या गहाण ठेवल्या.' प्रसंग असा की नवरा फिरतीवर गेलाय, ती दुपारी पदराआड पाटल्या घेऊन सराफाकडे जाते. लेखिकेला म्हणायचंय, नवऱ्याच्या माघारी. वाक्य मात्र सांगतं, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत. मी 'अ'वर काट मारली आणि पुढे गेले. पान ११८ वर त्याच लेखिकेने 'सासूच्या परोक्ष' लिहिलेलं, आणि तिथेही अर्थ पाठीमागेच. म्हणजे एकाच पुस्तकात दोन विरुद्ध शब्द एकाच अर्थाने!

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "अहो, परोक्ष म्हणजे समोर ना? मग पाठीमागे ते अपरोक्ष." मी ११८ व्या पानाची आठवण दिली, तर म्हणाल्या, "तिथे घाईत माझा अ राहून गेला असेल." बाई चांगल्या वाचणाऱ्या आहेत, लिहितातही छान. वर्तमानपत्रांत, मालिकांच्या संवादांत, नात्यातल्या भांडणांत, सगळीकडे 'माझ्या अपरोक्ष' हेच कानावर पडतं. तेच त्यांच्या लेखणीत उतरलं.

आता शब्दाकडे बघू. 'अक्ष' म्हणजे डोळा, किंवा एकूणच इंद्रिय. या डोळ्याचं मराठीत केवढं गणगोत आहे! प्रत्यक्ष, समक्ष, साक्ष, साक्षीदार, साक्षात, गवाक्ष. त्यातलाच परोक्ष : डोळ्यांच्या पलीकडचा. त्याला 'अ' लावला की डोळ्यांच्या पलीकडे नसलेला, म्हणजे समोरचा. शाळेत पाठ केलेलं सुभाषित आठवा : 'परोक्षे कार्यहन्तारं प्रत्यक्षे प्रियवादिनम्'. पाठीमागे काम बिघडवतो आणि तोंडावर गोड बोलतो, असा मित्र टाळावा, तो वर दूध दिसणारा विषाचा घडा आहे. तिथे परोक्ष आणि प्रत्यक्ष अगदी शेजारी उभे आहेत, शंकेला जागाच नाही.

घोटाळ्याचं मूळ मला असं वाटतं : आपल्या कानात 'प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष' ही जोडी पक्की बसली आहे. शिवाय अनुपस्थित, अज्ञात, अदृश्य, जे जे नसण्याचं ते ते 'अ'ने सुरू होतं. परोक्ष हा एकटाच 'अ' नसताना नसण्याबद्दल बोलतो. मग कान त्याला 'अ' चिकटवतो आणि शब्द उलटा होतो.

हे इतकं मनाला का लागतं, ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगी प्रुफं वाचायला शिकत होती. तिला मीच सांगितलं होतं, "अपरोक्ष दिसलं की अ काढ." नंतर तिच्याकडे वेदान्तावरच्या प्रवचनांचं पुस्तक गेलं. त्यात 'अपरोक्ष ज्ञान' हा शब्द पानोपानी होता आणि तिथे तो अगदी बरोबर होता. तिने मी शिकवल्याप्रमाणे सगळीकडचा 'अ' काढला. सुदैवाने शेवटचं प्रूफ प्रवचनकारांकडे गेलं. वय ८० च्या पुढे. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "बाई, ज्ञान डोळ्यांसमोर आणायला मी चाळीस वर्षं बोलतोय, तुम्ही ते पुन्हा डोळ्यांआड नेलंत." चूक त्या मुलीची नव्हती. मी तिला नियम दिला, अर्थ दिला नाही. आम्ही दोघींनी बसून एकेक 'अ' परत घातला.

तुमच्याकडे, तुमच्या घरात, गावात, कचेरीत हा शब्द कसा वापरतात, ते वाचायला आवडेल.

रानजाई

मी आज सकाळीच ऑफिसात 'माझ्या अपरोक्ष मीटिंग ठरवू नका' असं लिहून पाठवलं. आता तेच उलट वाचते आहे. धन्यवाद, हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं.

तिसरा_मजला

धागा अगदी वेळेवर आला. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. एप्रिलच्या सभेचं इतिवृत्त मीच लिहिलं. त्यात एक ओळ आहे : 'सदनिका क्र. ३०४ च्या सभासदांच्या अपरोक्ष गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव मंजूर करण्यात आला.' ते गृहस्थ त्या दिवशी गावी होते. मागच्या रविवारी पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करायची वेळ आली तेव्हा ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "या लिखाणाप्रमाणे मी सभेला हजर होतो आणि माझ्यादेखत ठराव झाला. मी तर नव्हतो." दुसरे एक सभासद म्हणाले, "नाही, याचा अर्थ तुम्हाला न कळवता परस्पर ठराव केला असा होतो, म्हणजे सचिवांनी नोटीसच दिली नाही." एका शब्दावरून अर्धा तास गेला. त्यांची हरकत वॉटरप्रूफिंगच्या खर्चाला होती, तो विषय बाजूलाच राहिला.

मला खरंच वाईट वाटलं. नोटीस १४ दिवस आधी दिलेली, त्यांची पोच माझ्याकडे आहे. मनात काही वाकडं नसताना शब्दाने मला लबाड ठरवलं. इथे 'परोक्ष' लिहिलं तर चालेल का?

काना_मात्रा

@तिसरा_मजला, तुमच्या त्या दुसऱ्या सभासदांनी फार मोलाचं सांगितलंय. लोक 'अपरोक्ष' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी असतात : माणूस तिथे नव्हता, किंवा माणसाला माहीत नव्हतं. पहिली गैरहजेरी, दुसरी नकळत. माणूस शेजारच्या खोलीत असूनही त्याच्या नकळत काही करता येतं. उलट तो परगावी असला तरी त्याला सगळं ठाऊक असू शकतं. तुम्हाला पहिली गोष्ट लिहायची आहे, लोकांना दुसरी ऐकू आली.

म्हणून 'परोक्ष'सुद्धा लिहू नका असं मी म्हणेन. तो बरोबर आहे, पण आता वाचणाऱ्यांपैकी निम्मे त्याचा अर्थ 'समोर' असा घेतील. इतिवृत्तात सरळ 'गैरहजेरीत' लिहा, आणि नोटीस कधी दिली त्याची तारीख त्याच ओळीत टाका.

पाटी_पेन्सिल

निवृत्त संस्कृत शिक्षक आहे, म्हणून थोडं व्याकरणाचं.

परोक्ष मधला 'ओ' कुठून आला ते बघा. 'पर + अक्ष' असतं तर संधी 'पराक्ष' झाला असता. मूळ शब्द 'परस्', म्हणजे पलीकडे. परस् + अक्ष, म्हणून परोक्ष. मुलांना मी हे फळ्यावर डोळा काढून, त्याच्यापुढे भिंत काढून, भिंतीपलीकडे आंबा काढून शिकवायचो. भिंतीपलीकडचा आंबा परोक्ष. एकदा तो आंबा डोक्यात बसला की पुढे कोणी विसरत नसे.

आता गंमत बघा. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'परोक्षे लिट्' (३.२.११५). बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी संस्कृतात क्रियापदाचं निराळं रूप आहे. गीतेत जागोजाग येणारं 'उवाच' हे त्याच प्रकारचं रूप. 'अर्जुन उवाच' असं म्हणताना निवेदक क्रियापदातूनच सुचवतो की ही फार मागची, मी न पाहिलेली गोष्ट आहे. पुढे व्याकरणकारांना प्रश्न पडला : स्वतःने केलेली गोष्ट स्वतःला परोक्ष कशी असेल? त्यावर त्यांनी उदाहरण दिलं, 'सुप्तोऽहं किल विललाप'. झोपेत मी म्हणे रडलो. स्वतःचंच रडणं, पण झोपेतलं, म्हणून आपल्याला परोक्ष!

आणि आपल्या मराठीत हेच काम 'म्हणे' करतो. "तो म्हणे मुंबईला गेला." मी पाहिलं नाही, ऐकलं. इतकी नाजूक सोय मराठी बोलणारं लहान पोरही रोज वापरतं. परोक्षाची जाण आपल्या भाषेत मुरलेली आहे, फक्त तो शब्द तेवढा हातातून निसटलाय.

शेवगा

मला हे सगळं वाचून आनंद झाला, तरी मी असहमत आहे, आणि मनापासून आहे.

भाषा मूळ अर्थाला बांधलेली नसते. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, प्रेम, ओढ. आपण त्याचा संताप केला. 'शिक्षा' म्हणजे शिकवण, आपल्याकडे ती छडी झाली. 'घृणा' म्हणजे एके काळी दया, म्हणून तर दया नसलेला तो निर्घृण. आज घृणा म्हणजे किळस. 'कादंबरी' हे बाणभट्टाच्या नायिकेचं नाव होतं, आपण ते पुस्तकाच्या एका अख्ख्या जातीला दिलं. यातल्या एकाही शब्दासाठी कोणी प्रूफावर काट मारत नाही. मग अपरोक्षावरच का?

दुसरं, 'अ' म्हणजे नाही, हा हिशेब मराठीने कधीच नीट पाळलेला नाही. समर्थांच्या करुणाष्टकातली ओळ घरोघरी म्हटली जाते : 'अचपळ मन माझे नावरे आवरीता'. इथे अचपळ म्हणजे चपळ नसलेलं का? तसं असतं तर ते आवरायला कठीण का जाईल? अचपळ म्हणजे अतिशय चपळ. तिथला 'अ' नाही म्हणत नाही, जोर देतो. 'अघोर' बघा. शंकराच्या पाच मुखांतलं एक अघोर, म्हणजे घोर नसलेलं, सौम्य. आणि आपण 'अघोरी उपाय' म्हणतो तो भयंकर उपाय. परोक्षाला लागलेला 'अ' हाही मराठी माणसाने जोर द्यायला लावलेला 'अ' असेल : अगदीच परोक्ष, पार नजरेआड. माझी आजी चौथी शिकलेली होती. ती 'माझ्या अपरोक्ष' म्हणायची आणि सगळ्या गावाला तिचं कळायचं. तिला चुकीची ठरवायला माझं मन धजत नाही.

काना_मात्रा

शेवगा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. 'अचपळ'पाशी मी थांबलेच. लहानपणापासून म्हणत आलेय, पण या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे, मराठी कानाला जोर देणारा 'अ' परका नाही, आणि लोक अज्ञानाने चुकतात असं जे मी वर सुचवलं ते मागे घेते. कान त्याच्या सवयीने चालला.

तरीही माझी काट मी मागे घेत नाही. 'राग'चं जुनं घर रिकामं झालं, मग नवा अर्थ तिथे राहायला आला. प्रेमासाठी 'अनुराग' वेगळा राहिला, तेव्हा गोंधळ नाही. अचपळाचंही तेच. 'स्थिर' या अर्थाने अचपळ म्हणणारं आज कोणी नाही, त्यामुळे ओळ वाचून कोणी अडत नाही. अपरोक्षाच्या घरात मात्र दोन्ही बिऱ्हाडं एकाच वेळी नांदताहेत, आणि ती एकमेकांच्या नेमकी उलट आहेत. प्रवचनाच्या पुस्तकात तो 'समोर', कादंबरीत 'पाठीमागे', आणि ३०४ च्या सभासदांच्या हातात पडला की भांडण.

आजींचं म्हणाल तर, त्यांच्या बोलण्यात आवाज होता, प्रसंग होता, समोर माणसं होती. त्यांचं कळणारच. त्यांना चूक म्हणायचा हक्क मला नाही. माझं काम कागदाशी आहे. कागद एकटा असतो, विचारलं तर त्याला उत्तर देता येत नाही.

पंचगंगा

आमच्या कोल्हापूर भागात माझ्या घरी अपरोक्ष-परोक्ष दोन्ही नाहीत. आई म्हणायची, "माझ्या माघारी पोरांकडं ध्यान दे." शेजारणी भांडल्या तरी "माघारी बोलू नगं, तोंडावर बोल." माघारी आणि तोंडावर. इतकी सरळ जोडी असताना डोळ्यांचं संस्कृत कशाला पाहिजे?

आणखी एक. आम्ही जैन. आमच्या तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात ज्ञानाचे प्रकार सांगताना 'आद्ये परोक्षम्' आणि लगेच 'प्रत्यक्षमन्यत्' अशी सूत्रं आहेत. पाठशाळेत गुरुजींनी सांगितलेलं अजून आठवतं : इथे 'अक्ष' म्हणजे डोळा नव्हे, आत्मा. त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं ज्ञानसुद्धा परोक्षच, कारण ते इंद्रियांच्या मदतीने आलं. आत्म्याला थेट होईल ते प्रत्यक्ष. लहानपणी फार नवल वाटायचं, की समोर दिसणारं झाडही परोक्ष! शब्द तोच, जोडी तीच, डोळा तेवढा बदलला.

पाटी_पेन्सिल

@पंचगंगा, वा! हे इथे आलं ते फार बरं झालं. म्हणजे आंब्याचं माझं चित्र तुमच्या पाठशाळेत चाललं नसतं.

मालवा_ते_मुळा

माझा जन्म इंदूरचा, घरी मराठी, शाळा हिंदी. हिंदीत 'प्रत्यक्ष कर' आणि 'परोक्ष कर' अशी जोडी शिकलो. मराठीत आलो तर दुसऱ्याला 'अप्रत्यक्ष कर' म्हणतात. म्हणजे हिंदीत परोक्ष हा 'थेट नसलेला' झालाय, 'गैरहजेरीत' नाही. आणि तिकडेही हल्ली 'प्रत्यक्ष या अपरोक्ष रूप से' असं सर्रास ऐकू येतं. रोग दोन्हीकडे तोच. हिंदी बातम्या ऐकून मराठी लिहिणाऱ्यांच्या मनात हा तिसरा अर्थही मिसळतो. माझ्या मनात तर कित्येक वर्षं मिसळलेला होता.

रानजाई

अवांतर, पण याच घरातलं : 'पश्चात'. आमच्याकडे एकाने आठवड्याच्या रजेच्या अर्जात लिहिलं, 'माझ्या पश्चात काम अमुक बघतील.' तो अर्ज घरी टेबलावर राहिला आणि त्याच्या आईने वाचला. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे' हे निधनवार्तेतलं वाक्य वाचून ज्यांचं आयुष्य गेलं, त्या माउलीचं काय झालं असेल? रडत बसल्या होत्या. संस्कृतात पश्चात् म्हणजे नुसतं मागून, नंतर. पण मराठीत त्या शब्दाला आता सुतक लागलंय. रजेच्या अर्जात 'मी रजेवर असताना' असं साधं का लिहू नये?

ओसरी

काना_मात्राताईंच्या प्रवचनकारांवरून आठवलं. अपरोक्ष ज्ञानाची जी गोष्ट वडील सांगायचे ती चौदाव्या शतकातल्या विद्यारण्यांच्या 'पंचदशी' या वेदान्तावरच्या ग्रंथात आहे.

दहा जण नदी उतरून पलीकडे जातात. सगळे सुखरूप आले का, म्हणून एक जण मोजतो. नऊच भरतात, कारण तो स्वतःला मोजत नाही. दुसरा मोजतो, पुन्हा नऊ. दहावा बुडाला म्हणून सगळे काठावर रडू लागतात. वाटेने जाणारा एक भला माणूस विचारतो, काय झालं? ऐकून म्हणतो, "रडू नका, दहावा आहे." त्यावर त्यांचा विश्वास बसतो, रडणं थांबतं, पण दहावा दिसत मात्र नाही. हे परोक्ष ज्ञान. मग तो एकाला मोजायला लावतो आणि नवाला पोचल्यावर त्याच्याच छातीला हात लावून म्हणतो, "दहावा तूच." ते अपरोक्ष ज्ञान.

वडील ही गोष्ट सांगताना आम्हा भावंडांना ओळीत बसवून खरंच मोजायला लावायचे. 'दहावा तूच' म्हणताना छातीवर टेकवलेलं त्यांचं बोट अजून जाणवतं. शेवगा, तुमच्या आजींविषयी मला आदरच आहे. पण 'अपरोक्ष' म्हणजे 'पाठीमागे' असं एकदा ठरून गेलं, तर ही गोष्ट सांगायला मला शब्द उरत नाही. त्या बोटासाठी मराठीत दुसरा शब्द कुठून आणू?

शेवगा

ओसरी, याला माझ्याकडे उत्तर नाही. 'साक्षात्कार' आहे म्हणावं, तर तो आता चमत्काराच्या बाजूला झुकलाय. आजीच्या बोलण्यात तो शब्द तसाच राहील. मी लिहिताना मात्र 'माघारी' लिहीन. तोही तिचाच शब्द, "माझ्या माघारी आंब्याच्या अढीला हात लावू नका" असंही तीच म्हणायची.

काना_मात्रा

कादंबरीचं सांगायचं राहिलं. लेखिकाबाईंना मी पंचगंगा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाटल्या गहाण टाकणारी माझी बाई खेड्यातली आहे हो. ती माघारीच म्हणेल." पान ४१ वर आता 'नवऱ्याच्या माघारी' आहे. ११८ वरचं 'सासूच्या परोक्ष' त्यांनी ठेवायला सांगितलं, कारण ते वाक्य एका प्राध्यापकाच्या तोंडी आहे. मलाही ते पटलं.

तिसरा_मजला

काल समितीच्या बैठकीत ओळ दुरुस्त केली. आता अशी आहे : 'सदनिका क्र. ३०४ चे सभासद सभेस गैरहजर होते. सभेची नोटीस त्यांना १४ दिवस आधी मिळाल्याची पोच दप्तरी आहे. त्यांच्या गैरहजेरीत ठराव बहुमताने मंजूर झाला.' ३०४ वाल्यांना वही नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून तिन्ही वाक्यं वाचली, मान डोलावली, आणि मला बसवून घेऊन वॉटरप्रूफिंगच्या खर्चाची तीन दरपत्रकं पुढ्यात ठेवली. त्यातलं एक आमच्यापेक्षा खरंच स्वस्त आहे.